निरोगी दिसणारी कास

गणेश पेठेंतील दूधभट्टीवरची गर्दी ज्यानें पाहिली आहे, त्याला पुणें शहराचें दुधाशीं असलेलें नातें निराळें समजावून द्यावयास नको. कोजागिरीच्या दिवशीं तेथें भाव चढतो, आणि चढला तरी गिऱ्हाईक मागें फिरत नाहीं. पुणेंकर गृहिणीची दुधाची पारख ठरलेली असते: साय किती जाड येते, चहाला रंग कसा येतो, विरजण घट्ट लागतें कीं नाहीं. या तिन्ही कसोट्यांना म्हशीचें दूध बहुधा उतरतें. गाईच्या दुधांत शेंकडा साडेतीन ते चार भाग स्निग्धांश असतो, तर म्हशीच्या दुधांत तो सहा-सात भागांपर्यंत जातो. बासुंदी, खवा, चक्का यांची सारी प्रतिष्ठा त्यावर उभी आहे. पण ज्या अवयवांत हें दूध तयार होतें, त्या कासेकडे गिऱ्हाइकाचें लक्ष कधींच जात नाहीं. आणि खेदाची गोष्ट अशी कीं, दुधावरच ज्याचा प्रपंच चालतो त्या गवळ्याचेंहि लक्ष, कास सुजल्याखेरीज, सहसा जात नाहीं.

कासेच्या रोगाला खेड्यापाड्यांतून ‘दगडी’ असें नांव आहे व तें फार समर्पक आहे. कासेचा एखादा भाग दगडासारखा कठीण होतो, गरम लागतो, म्हैस हात लावूं देत नाहीं. धारेबरोबर गुठळ्या, पिवळसर पाणी, क्वचित् रक्तहि येतें. जनावर चारा सोडतें. पशुवैद्यक याला कासदाह म्हणतें. असा रोग झाला म्हणजे गवळी धांवाधांव करतो, डॉक्टरला बोलावितो, नासलेलें दूध फेकून देतो. त्या दृष्टीनें पाहतां दगडी हा प्रामाणिक रोग म्हणावा लागेल, कारण तो वर्दी देऊन येतो. परंतु याच रोगाचें दुसरें एक रूप आहे. त्याला सुप्त कासदाह असें नांव आहे. त्यांत कास मऊ असते, सूज नसते, ताप नसतो, दूध पांढरें शुभ्र दिसतें, आणि म्हैस नेहमींप्रमाणें रवंथ करीत उभी असते. रोग मात्र आंत घर करून असतो, आठवडेच्या आठवडे, कधीं कधीं सबंध वेतभर. उघड दगडी झालेल्या एका म्हशीमागें अशा गुप्त रोगी म्हशी कितीतरी अधिक असतात, हें जेथें जेथें तपासणी झाली तेथें तेथें दिसून आलें आहे. गवळ्याचें मोठें नुकसान होतें तें या दुसऱ्या प्रकारानें.

हें कसें घडतें तें समजण्यासाठीं म्हशीची कास आंतून कशी असते तें पाहिलें पाहिजे. बाहेरून एक दिसणारी कास म्हणजे वास्तविक एकमेकींना चिकटलेल्या चार स्वतंत्र ग्रंथि होत. प्रत्येकीचा सड वेगळा, प्रत्येकीचें दूध वेगळें. एका कप्प्यांतील दूध दुसऱ्या कप्प्यांत जात नाहीं. म्हणूनच तीन सडांचें दूध निर्दोष असून चौथ्याचें सदोष असूं शकतें, आणि चरवींत चारी धारा एकत्र पडल्या कीं तो दोष झांकला जातो. एक लिटर दूध तयार व्हावयास कासेंतून सुमारें ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावें लागतें, असा हिशेब शास्त्रज्ञ देतात. एवढी मोठी घडामोड ज्या अवयवांत दिवसरात्र चालते, त्याचा बाहेरच्या जगाशीं संबंध येतो तो केवळ सडाच्या टोंकाच्या एका बारीक नळीतून. या नळीभोंवतीं स्नायूचें वळें असतें. म्हशीच्या सडाचें हें वळें गाईच्या सडाहून जाड व घट्ट असतें. तिची धार ‘जड’ असते असें गवळी म्हणतात तें यामुळेंच, आणि नवशिक्याचीं बोटें पहिल्या चार दिवसांत भरून येतात. जंतूंनाहि या घट्ट दारांतून आंत शिरणें कठीण जातें. म्हशीला कासेचा रोग सहसा होत नाहीं, असा जो एक समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो, त्याचें मूळ येथें असावें. पण दार कितीहि घट्ट असलें तरी दिवसांतून दोन वेळां तें उघडावेंच लागतें. आणि धार काढून झाली म्हणजे तें लगेच मिटत नाहीं. अर्धा तास, कधीं त्याहूनहि अधिक वेळ, तें किलकिलें राहतें. जंतूंना तेवढी सवड पुरते.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. गाईच्या कासेंत धार काढावयास बसण्यापूर्वींच सुमारें पांचवा हिस्सा दूध खालच्या पोकळींत उतरून राहिलेलें असतें. म्हशीच्या बाबतींत तें विसाव्या हिश्श्याइतकेंच असतें. बाकीचें सारें वरच्या सूक्ष्म पिशव्यांत सांठलेलें असतें व पान्हा फुटल्याखेरीज खालीं येत नाहीं. हा पान्हा फुटावयास म्हशीला दोन मिनिटें लागतात, कधीं आठ-दहाहि लागतात. पारडू लावावें, कास धुवावी, पुढ्यांत आंबोण ठेवावें, नेहमींचाच माणूस बसावा, तेव्हां कोठें बाईसाहेब प्रसन्न होतात. तिला घाई खपत नाहीं. शहराच्या कडेला असलेल्या गोठ्यांत मात्र रतिबाची वेळ गांठावयाची असते. गिऱ्हाइकाच्या दारांत सहाला दूध पोंचलें नाहीं तर तो दुसरा रतीब लावतो.

माणसाची घाई आणि म्हशीचा संथपणा यांच्या झगड्यांतून अनेक दुष्ट प्रथा निघाल्या. जुन्या काळीं फुंका घालण्याची चाल होती. तिचें वर्णन घराघरांत ऐकल्या जाणाऱ्या भाषणांत न करणेंच बरें. गांधीजींच्या मनांत दुधाविषयीं जी विरक्ति उत्पन्न झाली, तिच्या कारणांत या फुंक्याची ऐकीव माहिती हें एक होतें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास बंदी करणाऱ्या १९६० च्या कायद्यानें ही चाल शिक्षेस पात्र ठरविली, आणि दूध वाढविण्यासाठीं जनावराला अपाय होईल असें कांहीं टोंचणेंहि त्याच कलमांत घातलें. ऑक्सिटोसिनची सुई टोंचून पान्हा काढण्याचा प्रकार याच जातीचा आहे. त्याची एकदां संवय लागली म्हणजे सुईवांचून पान्हा फुटेनासा होतो. याहून कमी निंद्य, पण फार सर्रास चालणारा प्रकार म्हणजे अंगठा मुडपून त्याच्या पेरानें सड दाबीत धार काढणें. जड धार यानें सुटते खरी, पण सडाच्या आंतील नाजूक अस्तराला दर वेळीं इजा होते, आणि जखमेची जागा जंतूंच्या पथ्यावर पडते. सबंध मुठींत सड धरून, वरून खालीं एकेक बोट मिटत दाब देणें ही खरी रीत. ती शिकावयास वेळ लागतो, परंतु म्हैस तिला लाथ मारीत नाहीं. दुभत्या जनावराच्या लाथा गोड मानण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या गोड मानण्यापेक्षां कां बसतात याचा विचार केला तर सडाची पुष्कळ दुखणीं लवकर कळतील.

आतां जंतूंविषयीं. फ्रान्समध्यें नोकार व मोलेरो या दोघांनीं १८८७ सालीं गाईंच्या सांसर्गिक कासदाहाच्या मुळाशीं सांखळीच्या आकाराचे जंतु असतात असें दाखवून दिलें. पुढें द्राक्षांच्या घोंसासारखे दिसणारे जंतु सांपडले, शेणांतून येणारे सांपडले, आणखीहि पुष्कळ. यांपैकीं घोंसासारखे दिसणारे, ज्यांना स्टॅफिलोकॉकस म्हणतात, ते या सुप्त रोगाचे मुख्य धनी. ते कासेच्या मांसल भागांत खोल शिरतात, भोंवतालीं तंतूंची भिंत उभी होते, आणि त्या भिंतीआड ते सुखानें राहतात. दुधांतून ते रोज बाहेर पडतीलच असें नाहीं. आज सांपडले नाहींत म्हणून उद्यां सांपडणार नाहींत असें म्हणतां येत नाहीं.

येथें पुण्याच्या इतिहासांतील एक विसरली गेलेली गोष्ट सांगण्यासारखी आहे. जनावरांच्या रोगांच्या जंतूंचा अभ्यास करण्यासाठीं सरकारनें जी इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी काढली, ती १८८९ सालीं पुण्यांतच निघाली. नोकारच्या शोधाला तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं. चार वर्षांनीं, १८९३ सालीं, ती हिमालयाच्या पायथ्याच्या वरच्या थंड प्रदेशांत, मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. आज इज्जतनगर येथें असलेली भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. त्या प्रयोगशाळेपुढचा मुख्य शत्रु होता बुळकांडी. बुळकांडीनें गांवेंच्या गांवें बैलांवांचून ओस पडत, पेरण्या राहून जात. तो रोग डोळ्यांना दिसत होता, म्हणून सरकार जागें झालें, लशी निघाल्या, गांवोगांव टोंचणी झाली, आणि २०११ सालीं साऱ्या जगांतून बुळकांडीचें उच्चाटन झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. मनुष्यानें पृथ्वीवरून समूळ नाहींसा केलेला, देवीनंतरचा हा दुसराच रोग होय. जो रोग जनावर मारतो त्याचा असा निकाल लागला. जो मारीत नाहीं, सूजहि दाखवीत नाहीं, रोज पावशेर-अर्धा शेर दूध मात्र चोरून नेतो, तो गोठ्यांत तसाच राहिला आहे.

ही चोरी कशी होते? कासेंत जंतु शिरले म्हणजे रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांच्याशीं लढावयास दुधांत उतरतात. निरोगी म्हशीच्या एक मिलिलिटर दुधांत अशा पेशी साधारणपणें दोन लाखांच्या आंत असतात. रोग असला तर त्या कित्येक लाख होतात. युरोपांतील नियमांत गाईच्या कच्च्या दुधाला चार लाखांची मर्यादा घालून दिली आहे, यावरून या आंकड्याचें महत्त्व कळेल. या लढाईंत दूध तयार करणाऱ्या पेशी जायबंदी होतात व पुनः सगळ्या भरून येत नाहींत. दूध थोडें कमी होतें. पण बाकीचे तीन सड थोडीफार भरपाई करतात, आणि उरलेल्या तुटीचा दोष गवळी कडब्याला, उन्हाळ्याला, नाहींतर दृष्ट लागण्याला देतो.

दुधाचा घाटहि बदलतो. दुधांतील साखर कमी होते, दह्याला व पनीरला अंग देणारें केसीन हें प्रथिन कमी होतें. त्यांच्या जागीं रक्तांतून झिरपलेलीं प्रथिनें व खारट क्षार येतात. आतां गंमत अशी कीं, दूध संकलन केंद्रावर म्हशीच्या दुधाचा भाव ठरतो तो सहा टक्के स्निग्धांश व नऊ टक्के इतर घन पदार्थ या मापावर. सुप्त रोगानें घन पदार्थांतील चांगले भाग जाऊन हलके भाग आले तरी त्यांची बेरीज फारशी बदलत नाहीं. म्हणजे यंत्रावर आंकडा जवळजवळ तोच उमटतो, आणि दूध मात्र तें राहिलेलें नसतें. केवळ स्निग्धांश व घन पदार्थ यांच्या मापावर पैसे देणारी ही पद्धत दुधांत पाणी घालणाराला पकडते. कास राखणाराला ती एक पैचेंहि बक्षीस देत नाहीं. सहकारी संघांनीं गांवोगांवच्या गवळ्याला योग्य माप दिलें, हा त्यांचा मोठा उपकार आहे. कात्रजचा पुणें जिल्ह्याचा संघ १९६० पासून हें काम करीत आला आहे. परंतु पेशींच्या संख्येवर भावांत थोडाफार फरक ठेवण्याची वेळ आतां आली आहे. ज्या देशांत असा फरक ठेवला गेला, तेथें गोठेवाल्यांनीं कासेकडे पाहावयास आपण होऊन सुरुवात केली.

सुप्त रोग ओळखण्यास सूक्ष्मदर्शक यंत्रच पाहिजे असें मात्र नाहीं. कॅलिफोर्नियांतील शाल्म व नूरलँडर या दोघांनीं १९५७ सालीं एक सोपी कसोटी काढली. कपडे धुण्याच्या पुडींत असतात तसल्या द्रव्याचें पाणी दुधांत मिसळलें कीं पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांच्या केंद्रांतील द्रव्य बाहेर येतें, आणि मिश्रण चिकट होतें. जितक्या पेशी अधिक, तितका चिकटपणा अधिक. पुढें पाकिस्तानांतील फैसलाबाद येथील पशुवैद्यांनीं, ज्यांच्या आसपास म्हशींचेच कळप आहेत, असें दाखवून दिलें कीं त्या खास औषधाऐवजीं बाजारांत मिळणारी सर्फसारखी पूडहि काम भागविते. अर्धा लिटर पाण्यांत १५ ग्रॅम पूड विरघळवावी. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा बाजूला काढून टाकाव्यात, मग चार वाट्यांत चार सडांचें थोडथोडें दूध निरनिराळें घ्यावें, तितकेंच पुडीचें पाणी त्यांत घालावें आणि वाटी हळूहळू गोल फिरवावी. मिश्रण पाण्यासारखें पातळ राहिलें तर त्या सडाची चिंता नको. वाटीच्या तळाशीं शेंबडासारखा दोर ओढला गेला, किंवा सारें मिश्रणच खळीसारखें जमलें, तर त्या कप्प्यांत रोग आहे असें समजावें. नुकत्याच व्यालेल्या म्हशीच्या चिकाला व आटत आलेल्या दुधाला ही परीक्षा लावूं नये, कारण त्या वेळीं रोगावांचूनहि पेशी वाढलेल्या असतात. एका म्हशीला पांच मिनिटें लागतात व खर्च कांहीं आण्यांइतकाहि नाहीं. महिन्यांतून एकदां एवढें केलें तर गोठ्यांतील कोणती म्हैस आंतून आजारी आहे हें गवळ्याला कळेल. त्यानंतर दुधाचा नमुना उकळून स्वच्छ केलेल्या बाटलींत, बर्फांत ठेवून पशुवैद्यामार्फत औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे धाडतां येतो. जंतु कोणता व त्याला कोणतें औषध लागू पडेल हें तेथें कळतें.

हें औषधाचें प्रकरण थोडें बारकाईनें पाहण्यासारखें आहे. फ्लेमिंगच्या कांचेच्या थाळींत १९२८ सालीं बुरशीनें ज्या जंतूंची वाढ थांबविली ते हेच, घोंसासारखे दिसणारे जंतु होते. त्या पेनिसिलीनचा कारखाना पुण्याजवळ पिंपरीस १९५४ सालीं स्थापन झाला आणि दुसऱ्या वर्षीं औषध बाहेर पडूं लागलें. परकीय औषधावर अवलंबून असलेल्या देशाच्या दृष्टीनें ती अभिमानाची घटना होती, आणि अनेक माणसें व अनेक जनावरें तिच्यामुळें वांचलीं. पण जंतूंनींहि आपला उपाय काढला. पेनिसिलीन मोडून टाकणारे जंतु निपजले, आणि दुसरीं औषधें आलीं तशीं त्यांनाहि दाद न देणारे निपजले. कासेच्या रोगांत याला विशेष वाव मिळतो. सूज उतरली कीं औषध थांबवावयाचें, पांच दिवसांचा क्रम दोन दिवसांत आटोपावयाचा, शेजाऱ्याच्या म्हशीला लागू पडलेली नळी आपल्या म्हशीच्या सडांत रिकामी करावयाची, हा रोजचा व्यवहार. खोल दडलेले जंतु अशा अर्धवट माऱ्यानें मरत नाहींत. ते शिकून तयार होतात.

त्यांत पुनः दुधाचा प्रश्न. सडांत औषध सोडल्यावर ठराविक दिवस, बहुतेक औषधांच्या बाबतींत तीन दिवस किंवा अधिक, त्या म्हशीचें दूध माणसांनीं घ्यावयाचें नसतें. चारी सडांचें नाहीं, कारण औषध रक्तांतून दुसऱ्या कप्प्यांतहि उतरतें. आतां चार म्हशींवर संसार चालविणाऱ्या गवळ्यानें एका म्हशीचें चार दिवसांचें सारें दूध ओतून द्यावें, असें सांगणें सोपें आहे. पेंडीचा भाव त्या चार दिवसांत थांबत नाहीं. पुष्कळदां तें दूध इतर दुधांत मिसळलें जातें. अशा दुधाची खूण घरांत कधीं कधीं उमटते: विरजण चांगलें असून व हवा उबदार असूनहि दही लागत नाहीं. दही लागतें तें जंतूंमुळेंच, आणि औषधाला शत्रुमित्र कळत नाहीं. दही न लागण्याचीं दुसरींहि कारणें असतात, तेव्हां एका दिवसाच्या अनुभवावरून गवळ्यावर आरोप करूं नये. पण लागोपाठ तसें घडलें तर त्याला सरळ विचारावें. उकळल्यानें या औषधांचा अंश पुरता नाहींसा होत नाहीं, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

उकळण्यानें जंतु मात्र मरतात, आणि म्हणून धारोष्ण दुधाच्या महतीविषयीं जुन्या माणसांची जी श्रद्धा आहे ती सोडून द्यावी हेंच उत्तम. कोल्हापुरांत गवळी पंढरपुरी जातीच्या, तलवारीसारख्या लांब शिंगांच्या म्हशी दूधकट्ट्यावर आणून गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून देतात. म्हैस समोर उभी असल्यामुळें पाण्याची शंका राहत नाहीं, हा त्यांतला खरा गुण. पण सुप्त रोग असलेल्या कासेंतून निघालेलें दूध समोर काढलें म्हणून शुद्ध होत नाहीं. उकळण्याबाबतहि एक विवेक पाहिजे. स्टॅफिलोकॉकस जंतु दुधांत तासन्‌तास ऊब मिळून वाढले, तर त्यांच्यापासून जें विष तयार होतें तें उकळल्यानेंहि टिकतें. समारंभांत खव्याच्या अगर दुधाच्या पदार्थांनीं दहावीस माणसांना एकदम ओकाऱ्या सुरू होतात, त्यांतील कांहीं प्रकार याचे असतात. दूध आल्याबरोबर तापवावें, नाहींतर थंड करावें. ओट्यावर झांकून ठेवून दुपारीं तापवूं म्हणूं नये.

गोठ्यांत रोग पसरतो कसा, हें मात्र अद्याप सांगावयाचें राहिलें. तो पसरतो धार काढणाऱ्याच्या हातानें. एका म्हशीची धार काढून झाली कीं तोच हात दुसरीच्या सडाला लागतो. एकाच फडक्यानें पांच कासा पुसल्या जातात. सड मऊ करण्यासाठीं बोटें दुधांत बुडविलीं जातात, आणि ओल्या बोटांवरून जंतु सडाच्या टोंकापर्यंत अगदीं आयते पोंचतात. ज्याच्या हातावर म्हशी पान्हा सोडतात तो कसबी गवळी गोठ्यांतील प्रत्येक कासेला हात लावतो, म्हणून त्याचाच हात सर्वांत अधिक सांभाळावयास हवा. विलायतेंत १९६० नंतरच्या दशकांत रेडिंग येथील दुग्धसंशोधन संस्थेंत नीव्ह, डॉड प्रभृति शास्त्रज्ञांनीं या प्रश्नाचा कसून अभ्यास केला. तेथून ज्या सूचना निघाल्या त्यांत अगदीं पहिल्या महत्त्वाची सूचना दिसावयास क्षुल्लक होती: धार काढून झाल्याबरोबर प्रत्येक सडाचें टोंक जंतुनाशक पाण्यांत बुडवावें. सडासाठीं तयार केलेल्या सौम्य आयोडिनच्या औषधाची एक लहानशी पेली यासाठीं पुरते. दुसरी सूचना भाकडकाळाची. दूध आटवितांना शेवटच्या धारेनंतर रोगी कप्प्यांत दीर्घकाळ टिकणारें औषध पशुवैद्याकडून सोडून घ्यावें. दुभत्या काळांत जे जंतु हटत नाहींत त्यांतील पुष्कळ या विश्रांतीच्या काळांत हटतात, आणि दूध ओतून देण्याचा प्रसंगहि येत नाहीं. ज्या म्हशीचा रोग वारंवार उलटतो ती गोठ्यांतून काढावी, असें ते शास्त्रज्ञ सांगतात. आपल्याकडे हा सल्ला गवळ्याच्या गळीं उतरत नाहीं, कारण म्हैस विकत घेतांना काढलेलें कर्ज अद्याप फिटलेलें नसतें. तेथें निदान तिची धार सर्वांच्या शेवटीं काढावी.

घरगुती उपायांना हंसण्याचें कारण नाहीं. कोरफडीचा गर २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व चुना १५ ग्रॅम वाटून केलेला लेप आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेंहि प्रचारांत आणला आहे. सूज आली असतां कास धुऊन तो दिवसांतून अनेक वेळां लावतात. यानें प्रतिजैविकांचा वापर कमी झाला तर तें हवेंच आहे. मात्र लेप लावला म्हणून वाटीची परीक्षा टाळूं नये, कारण सूज उतरणें आणि रोग जाणें या दोन गोष्टी एक नव्हेत.

पुण्याच्या आसपासच्या गोठ्यांत पावसाळा हा सर्वांत कठीण काळ. जमीन सुकत नाहीं, शेण-मूत तुंबतें, म्हैस तर पाण्याची शौकीन. डबक्यांत बसून आली म्हणजे कास चिखलानें माखलेली असते. अशा वेळीं नुसतें पाण्याचें भांडें ओतून, ओघळ सडांवरून वाहत असतांनाच धार काढावयास बसणें हें न धुण्यापेक्षां वाईट. कास धुतली तर ती पुसून कोरडी केली पाहिजे, आणि पुसण्याचें फडकें प्रत्येक म्हशीला वेगळें पाहिजे. जुन्या सुती धोतराच्या चिंध्या रोज उकळून वाळविल्या तर त्यालाहि खर्च नाहीं. धार काढून सड बुडवून झाले कीं ताजा चारा लगेच गव्हाणींत टाकावा. पुष्कळ गवळी चारा आधीं टाकतात व धार संपते तेव्हां गव्हाण रिकामी झालेली असते. मग म्हैस ओल्या जमिनीवर बसकण मारते, आणि सडाचीं उघडीं तोंडें शेणांत टेंकतात. पुढ्यांत हिरवी वैरण असली म्हणजे ती अर्धा-पाऊण तास उभी राहते, आणि तोंपर्यंत तीं तोंडें मिटलेलीं असतात.